मस्टरवरची एक सही

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात हजेरी घेणाऱ्या कारकुनाला सगळे मस्टरकाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते रविवार बघून उभे राहिले होते.

कारखाना बुडाला, मालक परदेशी गेले, यंत्रांना सील लागलं. कामगारांच्या पेन्शन फंडाचा तळ तर आधीच उघडा पडला होता. सरकार मात्र अशा वेळेसाठी तयार होतं. मालक बुडाला तर पेन्शन सरकार देईल, असा कायदा होता आणि त्यासाठी संरक्षण कार्यालय होतं. तिथला निधी इतक्या कडक संरक्षणात होता, की आजवर एकाही कामगाराचा त्याला धक्का लागला नव्हता.

आम्हा दोनशे बारा जणांचे अर्ज एकाच शेऱ्यानिशी परत आले: 'आस्थापना चालू आहे.'

कुठे चालू आहे, असं आमच्या वेल्डरने तिथल्या साहेबांना विचारलं. साहेबांनी मस्टरच्या प्रती पुढे केल्या. कारखाना बंद पडल्यापासून रोज सकाळी आठला एक कर्मचारी हजर होता. सही मस्टरकाकांची. फाटकाजवळच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती आणि येऊ नका असं लेखी कुणी कळवलं नव्हतं. दरमहा मस्टरची प्रतही ते नियमाप्रमाणे सरकारला पाठवत, पदरचं तिकीट लावून.

वेल्डर थेट त्यांच्या घरी गेला. "काका, तुमच्या एका सहीवर अख्खी कंपनी श्वास घेतेय. जाऊ द्या की आता तिला."

काका ओशाळले. त्यांची स्वतःची पेन्शनही त्यातच अडकली होती. सलग तीस दिवस कुणी हजर नसेल तर विचार करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून काका आठच्या ठोक्याला खोलीत जाऊन स्वतःच्या नावापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहू लागले. मस्टर लिहायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हताच.

तिसाव्या दिवशी तपासनीस आले. टेबलाशी काका पेन उघडून बसलेले. तुम्ही कोण, असं तपासनीसांनी विचारलं.

"मी गैरहजर," काका म्हणाले.

कर्मचारी समक्ष भेटल्याची नोंद झाली आणि तीस दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले.

त्या संध्याकाळी काकूंनी मस्टर घरी आणून कपाटात कोंडलं आणि किल्ली कमरेला खोचली. "अहो, एकतीस वर्षं कंपनीला हजेरी दिलीत, आता महिनाभर मला द्या," एवढंच त्या बोलल्या. काका रोज आठला कपाटासमोर खुर्ची टाकून बसत.

महिना कोरा गेला. मग नवा शेरा आला: रजेचा अर्ज नसल्याने कर्मचारी विनापरवानगी गैरहजर आहे, त्यावरून आस्थापना बंद असल्याचं सिद्ध होत नाही.

काकांना हे मनापासून पटलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रजेचा छापील फॉर्म स्वतःसाठी भरायला घेतला. रजेचं कारण: दुःखद निधन. मृताचं नाव: त्यांनी कंपनीचं पूर्ण नाव लिहिलं. मृताशी नातं: इथे ते बराच वेळ थांबले, मग लिहिलं, 'नोकर'. किती दिवस: कायम.

कार्यालयाने अर्ज त्याच दिवशी फायलीला लावला. कंपनी मेली असं लेखी देणारं त्यांना अखेर कुणीतरी भेटलं होतं. दोनशे बारा पेन्शनी मंजूर झाल्या.

मंजुरीपत्राच्या तळाशी एक अट होती: दरवर्षी स्वतः हजर राहून हयातीचा दाखला द्यावा. ती वाचून काकांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. वेळ किती वाजताची आहे, एवढंच त्यांनी काकूंना पुन्हा एकदा बघायला सांगितलं.