धुऱ्याकडची पात

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, यायच्या सुमाराला आई गोठ्यासमोर घसरून पडली आणि तिच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं. दवाखान्यातून मेडशीला, आमच्या गावी, परत येताना एसटीत ती हाताबद्दल काहीच बोलली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आता माह्या पातीवर कोन जाईन?"

आमच्या गल्लीतल्या बायका सोयाबीन सावडीनं सोंगतात. दर घरची एक बाई. आज एकीचं वावर, उद्या दुसरीचं. मजुरी कोणी कोणाला देत नाही, आणि सगळ्यांची वावरं होईपर्यंत कोणी सुटत नाही. त्या वर्षी आमचं वावर शेवटी होतं. आमच्या घरून बाई गेली नाही, तर आमच्या वावरात कोणी येणार नव्हतं. त्या दिवसांत बाहेरून मजूर मिळत नाहीत, आणि वाळलेली शेंग उन्हात उभी राहिली की तडकते, दाणे मातीत जातात. वडील एसटीत चालक. सणाच्या तोंडावर त्यांना सुट्टी मागायचीही सोय नव्हती.

"मी जाते," मी म्हटलं.

आई खिडकीबाहेर पाहत होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "तू?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

विचारण्यासारखंच होतं ते. मी लहान वर्गापासून वाशिमच्या इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी व्हॅन यायची, संध्याकाळी सोडायची. मला वावराची सवय लागू द्यायची नाही, हे आईवडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. शाळेत मराठी बोलायची मुभा नव्हती आणि इंग्रजी पटकन सुचायचं नाही, म्हणून मी गप्प राहायला शिकले. गावात परत आलं की माझ्या तोंडची अडखळती वऱ्हाडी ऐकून मुलं हसायची, म्हणून तिथंही गप्प. पदवी हातात येईपर्यंत मी इतकी कमी बोलणारी झाले होते, की शेजारच्या घरी विरजण मागायला जायचं तरी वाक्य मनात जुळवून जायचे.

पहिल्या दिवशी मी वडिलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट ड्रेसवर चढवला, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि आईचा विळा घेऊन गेले. सावडीची म्होरकी बाई आईच्या माहेरच्या गावची, म्हणून माझी मावशी. उंच, हाडं दिसणारी, बोलणं तुटक. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या शेजारच्या घरची सून, माझी वहिनी, हसून म्हणाली, "मॅडम, इथं हजेरी बोलायची नसते बरं का. इळा चालवायचा असते."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण हसलं की पुढं बोलावं लागत नाही.

पात म्हणजे वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकीच्या वाट्याला आलेली तासं, म्हणजे पिकाच्या ओळी. सगळ्या जणी धुऱ्यावर एका ओळीत उभ्या राहतात, जिच्यासमोर जी तासं येतील ती तिची. धुरा म्हणजे बांध. जिची पात आधी सरते ती पलीकडच्या टोकाकडून वळून येते आणि मागं पडलेलीची पात समोरून कापत आणते. रीत चांगली आहे. कोणी एकटी मागं राहत नाही. पण तिला एक दुसरी बाजूही होती, ती मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळली. रोज रोज ज्या हाताला दुसरीची मदत लागते, तो हात सावडीत अर्धा धरतात.

पहिल्या दिवशी मला वहिनीनं हात दिला. दुसऱ्या दिवशीही तिनंच. सोयाबीनची वाळलेली शेंग टोकाला सुईसारखी असते. मूठ धरली की तळहातात घुसते, आणि घाईत धरली की जास्तच घुसते. त्या संध्याकाळी मला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. मावशी आमच्या दारात आली, आत न येता उभ्या उभ्या आईला म्हणाली, "पोरगी कामचोर नाई. पन पात सरत नाई तिच्यानं. उद्या माह्या वावरात हाये सोंगनी. उद्याबी कोनाचा हात लागला, तं मी अर्धा धरीन. मंग तुह्या वावरात आमी दुपारलोक येऊ. राग धरू नोको."

"राग कायचा," आई म्हणाली. "रीत हाये ते."

मावशी गेली. दुपारपर्यंत म्हणजे आमचं अर्धं वावर उभं राहणार होतं. आईनं डाव्या हातानं हळदीचं तेल गरम केलं आणि माझ्या बोटांना लावलं. "नाई झालं तं नाई झालं," ती म्हणाली. तिला ते मनापासून म्हणायचं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या वावरात आम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलो, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे चूक केली. आधीच्या दोन दिवसांत मी मधोमध होते. दोन्हीकडून बायका माझ्याकडे पाहत, मी किती मागं आहे ते मोजत, एकमेकींना खुणा करत. आज मी सरळ ओळीच्या कडेला, बाजूच्या धुऱ्याला लागून जाऊन उभी राहिले. एका बाजूला तरी कोणी नको, एवढाच माझा विचार होता. विळा लावला, पहिली मूठ कापली, खाली ठेवली.

"अवं!" वहिनी ओरडली. "धुऱ्याची पात घेतली का वं इनं!"

सगळ्या वळल्या. मग एकदम हसू फुटलं. मला काही कळेना. मग वहिनीनंच सांगितलं. मावशीचं वावर चौकोनी नाही. एका बाजूला ते नाल्याच्या अंगानं तिरकं वाढत गेलंय. त्या बाजूची पात सगळ्यांत लांब, आणि धुऱ्यालगत गवत माजलेलं, त्यामुळे सोयाबीन त्यात गुंतून बसलेलं. ती पात नेहमी वहिनीसारखी झपाट्याची बाई घेते. गावातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी त्या बाजूला जाईन असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"देनं बापा इकडं, मी घेतो," वहिनी म्हणाली.

पण मावशीनं मान हलवली. एकदा पातीला विळा लागला की ती पात बदलत नाहीत. बदलली तर त्या वावराचं काम रेंगाळतं, असं मानतात. आणि आज वावर मावशीचं होतं. "लागला आता इळा," ती म्हणाली. "चालू दे."

पहिला तास दीड तास मी ठीक होते. मग ऊन चढलं. गवत आणि सोयाबीन वेगळं होईना. एक झाड धरावं तर गवताची जुडी सोबत यायची, विळा अडकायचा, हिसका द्यावा लागायचा. पाठीचं दुखणं एका जागी नव्हतं. आधी कमरेत होतं, मग मांड्यांच्या मागं उतरलं. मी मान वर करून पाहिलं, तर पातीचं टोक सकाळी होतं तिथंच. त्यानंतर मी वर पाहणं बंद केलं.

दुपारी लिंबाखाली जेवायला बसलो. ठेचा, भाकर, कोणाचं चून म्हणजे पिठलं, कोणाची वांग्याची भाजी. अंगठ्यावरचा फोड फुटला होता, ठेचा लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं. "तिखट लागला का मॅडम?" वहिनीनं विचारलं. मी मान हलवली. पोट दुखतंय म्हणावं आणि घरी जावं, हे माझ्या मनात आलं. वाक्यही जुळवून झालं होतं. मग मी बायकांकडे पाहिलं. माझ्या बाजूला एक म्हातारी बाई होती, ती घास गिळताना एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होती. प्रत्येकीचं कुठं ना कुठं दुखत होतं. फरक एवढाच, की त्याच्यामुळे आज काय करायचं हे त्यांना नव्यानं ठरवावं लागत नव्हतं. मला दर मुठीला ठरवावं लागत होतं. चालू ठेवू की थांबू. चालू ठेवू की थांबू. मी तेवढ्यानंच थकले होते.

जेवण झाल्यावर मी स्वतःशी एकच गोष्ट पक्की केली. आता ठरवायचं नाही. पात सरेपर्यंत हा प्रश्न बंद. दुखलं तर दुखलं, हात मंद झाला तर मंद, पण थांबू का हे स्वतःला विचारायचं नाही. ऐकायला फार लहान वाटतं. पण दुपारनंतर पाठ दुखत असूनही मला थोडं हलकं वाटलं ते त्यामुळेच.

शाळेचीही आठवण झाली. वर्गात उत्तर आलं नाही की बाई बाकावर उभं करायच्या. बाकीच्या मुली रडायच्या, माफी मागायच्या, सुटायच्या. मला माफीचं वाक्यही तोंडातून काढता यायचं नाही, म्हणून मी तास संपेपर्यंत उभी राहायचे. पाय भरून यायचे. मी भिंतीवरच्या नकाशात नद्या शोधत राहायचे. त्या उभं राहण्याची मला कायम लाज वाटत आली होती. धुऱ्याजवळ वाकलेली असताना पहिल्यांदा वाटलं, हे तर मला येतं. गप्प राहून शेवटपर्यंत टिकणं मला कित्येक वर्षांपासून येतं.

ऊन कलायला लागलं तशा एकेकीच्या पाती सरल्या. पलीकडून हसण्याचे, पाणी मागण्याचे आवाज येत होते. मग समोरून विळ्याचा खसखस आवाज ऐकू आला. मी मान वर केली. वहिनी होती. स्वतःची पात सारून ती माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला वाकत होती. ती चांगल्या मनानं आली होती. पण तिनं एक मूठ जरी कापली असती, तरी आमचं अर्धं वावर गेलं असतं.

मी सरळ उभी राहिले. कमरेतून कळ गेली. वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"वहिनी! नोको लावू इळा!"

माझा आवाज इतका मोठा असतो हे मलाच माहीत नव्हतं. नाल्याच्या पलीकडे बकऱ्या चारणारा माणूससुद्धा थांबला.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून वं?"

"माही पात हाये. मीच सारतो."

"अंधार करतं का आता?"

"तुमी बसा."

ती बसली. एकटी नाही, सगळ्याच धुऱ्यावर येऊन बसल्या, आणि आयुष्यभर मी जे टाळत आले तेच झालं. सगळ्या बायका ओळीनं बसून फक्त माझ्याकडे पाहत होत्या. कोणी तंबाखू मळली, कोणी पाय पसरले. शेरे सुरू झाले.

"इळा वरतून मारून राह्यली, खुटं ठेवते मांगं."

"मारू दे ना तिले कशी मारते तशी."

"अवं, गवताचीबी सोंगनी करून राह्यली. बकऱ्याईले होईन."

"इंग्रजीत शिव्या देत असंन आपल्याले मनात."

मनात मी काहीच म्हणत नव्हते. त्यांची नजर मला अंगावर कळत होती, पण तिच्यामुळे हात थांबत नव्हता. पाहू दे, असं वाटलं. हळू आहे, ते दिसू दे. मूठ, विळा, ठेवणं. मूठ, विळा, ठेवणं. हळूहळू शेरे कमी झाले. एक वेळ अशी आली, की पूर्ण वावरात फक्त माझ्याच विळ्याचा आवाज होता. मग म्हातारी बाई म्हणाली, "थोडीच राह्यली, माय. थोडीच." त्या आवाजात मस्करी नव्हती.

शेवटचं झाड कापलं तेव्हा पुढं हात घातला तर हातात काहीच आलं नाही. पात सरली होती. मला लगेच सरळ होता आलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून मी तशीच वाकून राहिले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी उठली, माझी पात पाहत मागपर्यंत चालत गेली, आणि चालत परत आली.

"खुटं लय ठेवले," ती म्हणाली.

मग साडीला पुसून विळा कमरेला खोचला. "पूरा धरला. चला, उठा वं, जनावराईची येळ झाली."

घरी जाऊन मी आईला एवढंच सांगितलं, "पूर्ण धरला." तिनं वहिनीकडून आधीच ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तरी तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. सलग, न अडखळता, हातवारे करून. वडिलांचा फोन आला तेव्हा आईनं तो माझ्या हातात दिला, आणि मी पुन्हा सगळं सांगितलं.

आमच्या वावराची पाळी आली तेव्हा मी काही झपाट्याची झाले नव्हते. मधल्या दिवसांत दोनदा सगळ्यांच्या मागं राहिले, पण पात माझ्याच हातानं सरली. आमच्या वावरात सगळ्या सकाळी आल्या आणि ऊन उतरेपर्यंत थांबल्या. आभाळ दोनदा भरून आलं आणि निघून गेलं. सोयाबीन कापून, गोळा करून, ताडपत्रीखाली गेलं तेव्हा मातीत सांडलेले दाणे शोधूनच सापडले असते.

त्या दिवशी आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पाणी वाटत होती. वावराच्या मालकिणीनं पातीपातीनं पाणी द्यायचं असतं, या टोकाकडून त्या टोकाकडे. मी शेवटून दुसऱ्या पातीवर होते. मला तहान लागली होती आणि ते तिला दिसत होतं. पण ती मावशीकडून सुरू करून, प्रत्येकीपाशी थांबत, बोलत माझ्यापर्यंत आली. माझ्यासमोर तिनं डाव्या हातानं तांब्या तसाच तिरका धरला, जसा बाकीच्यांसमोर धरला होता.

"घे बाई," ती मलाही म्हणाली, आणि पुढच्या पातीकडे गेली.