हळू लावलेलं दार

एलादिओचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पनामातल्या पोर्तो काइमितोच्या धक्क्यावरून कोळंबीच्या होड्या उजाडायच्या आत बर्फ भरून निघतात, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यातल्या आम्हा सगळ्यांचाच दिवस तेव्हा सुरू व्हायचा. आमच्या गल्लीतली घरं फळ्यांची, भिंतीला भिंत लागलेली. इकडे कोणी खोकलं की तिकडचं लेकरू उठतं. म्हणून एक रीत पडली होती. दिवा लावायचा नाही. बूट हातात धरायचे, दार किंचित उचलून हळूच लावायचं आणि गल्लीच्या तोंडाशी दगडावर बसून बूट घालायचे. यात एलादिओ सगळ्यांत पक्का. त्याची बायको नेरेइदा म्हणायची, "इतकी वर्षं झाली लग्नाला, पण हा घरातून जाताना मला एकदाही ऐकू आला नाही. चोर झाला असता तर आज बंगला असता आमचा."

बर्फाची लादी कमरेने उचलायची नसते. चिमटा खोल रुतवायचा, गुडघ्यात वाकायचं, लादी मांडीवर घ्यायची आणि मगच वळायचं. घाई केली की बोटं जातात. एलादिओ कधी घाई करत नसे. तो आणि कोळंबी सोलणारी नेरेइदा, दोघांनी मिळून आठ वर्षं पैसे साठवले ते असेच, एकेक लादी रचावी तसे.

त्यांना मूल नव्हतं. पनामात अर्ज करून वाट पाहण्यात वय निघून गेलं. मग कोणीतरी सांगितलं, शेजारच्या कोलंबियात मोठी मुलं आहेत, त्यांना कोणी नेत नाही. येइमी नावाची अकरा वर्षांची मुलगी त्यांना मिळणार होती. एकच अट होती. काही दिवस बोगोतात एका भाड्याच्या घरात तिच्याबरोबर राहायचं, मग न्यायाधीश तिलाच विचारणार की यांच्याबरोबर जायचं का. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

एलादिओ तेव्हापासून घाबरला तो घाबरलाच. विमानात त्याने नेरेइदाचा हात इतका दाबला की ती ओरडली, "अरे, हात आहे तो, लादी नाही!"

बालकल्याण कचेरीतल्या सोकोरो बाईंनी येइमीला आणलं. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली मुलगी. हातात निळी पिशवी. बाई दोघांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला एका घराने ठेवून घेतलं होतं. सहा महिन्यांनी परत केलं. जपून राहा."

येइमी सांगितलेलं सगळं ऐकायची. ताट धुवायची, विचारलं तेवढंच बोलायची. त्याला काका म्हणायची, नेरेइदाला बाई. पण निळी पिशवी तिने रिकामी केली नाही. हवं ते एकेक काढून घ्यायची आणि पुन्हा चेन लावायची. एलादिओची नजर सारखी त्या चेनवर.

"कोर्टात नाही म्हणेल ती," तो नेरेइदाला कुजबुजला.

"तू असा भूत बघितल्यासारखा तिच्याकडे बघत बसलास तर कोणीही नाही म्हणेल. हस जरा."

तो हसला. ते पाहून येइमी दोन पावलं मागे सरली.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो नेहमीप्रमाणे चारला जागा झाला. बोगोतात ना कारखाना ना होड्या, पण शरीराला ते कोण सांगणार? पडून राहिलं की भीती छातीवर बसायची. उजाडू लागेपर्यंत त्याने कसाबसा दम काढला. मग बूट हातात घेतले, दार किंचित उचलून हळूच लावलं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट घातले. कोपऱ्यावरच्या बेकरीतून चीज घातलेले गरम पाव आणायचे, मुलीला आवडतात, एवढंच त्याच्या मनात होतं. आयुष्यभर बर्फात हात घातलेला माणूस, पण त्या गावच्या थंडीत तो कुडकुडत होता.

परत आला तर येइमीचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं. निळी पिशवी नव्हती.

त्याने नेरेइदाला हलवून उठवलं. गच्ची पाहिली, मोरी पाहिली. खाली चौकीदार आर्सेसिओ डोळे चोळत म्हणाला, "दूधवाल्यासाठी दार उघडलं होतं. तेवढ्यात गेली असेल तर देव जाणे."

एलादिओ रस्त्यावर धावला. बोगोता उंचावर आहे, तिथे नवख्याला धाप लागते. बसथांब्यापर्यंत जाईतो त्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. गर्दी वाढू लागली होती. घट्ट बांधलेले केस दिसले की तो त्या मुलीला गाठायचा. एका आईने त्याला शिवी हासडली. प्रत्येक बस भरून निघून जात होती आणि त्यातल्या एखादीत ती असेल असं वाटून तो खिडक्या-खिडक्यांतून डोकावत होता.

तो परतला तेव्हा नेरेइदा फोन हातात घेऊन दारात उभी होती.

"बाईंना सांगायचं का?" ती म्हणाली. "चार दिवस पोर सांभाळता आली नाही म्हणतील. आपला अर्ज तिथेच फाडतील."

"फाडू देत," एलादिओ म्हणाला. "पोर सापडू दे. मग आपली नसली तरी चालेल."

त्याने स्वतः फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सोकोरो बाई म्हणाल्या, "मी कचेरीत निघालेच आहे. तुम्ही घरीच थांबा."

ते थांबणं लादी उचलण्यापेक्षा जड होतं, असं तो मला नंतर म्हणाला. लादीला निदान धरायला जागा असते.

फोन वाजला. येइमी बालकल्याण कचेरीच्या बंद दारासमोर, पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. रस्ता विचारत विचारत एकटी चालत गेली होती.

दोघं पोहोचले तेव्हा सोकोरो बाई तिच्याशेजारीच पायरीवर बसल्या होत्या.

नेरेइदाने विचारलं, "का गं आलीस इकडे?"

येइमी खाली बघत म्हणाली, "काका गेले ना. आधीच्या घरातले काका पण असंच दार हळू लावून गेले होते. नंतर सकाळी मला न्यायला गाडी आली. म्हटलं, आता गाडी कशाला? मीच येते."

एलादिओ मटकन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "अगं, मी पाव आणायला गेलो होतो." चुरगळलेली कागदी पिशवी अजून त्याच्या मुठीत होती.

"मग चोरासारखे का गेलात?"

"तुझी झोप मोडू नये म्हणून. आमच्याकडे सगळे तसेच जातात."

"सगळे?"

"सगळी गल्ली," नेरेइदा डोळे पुसत म्हणाली. "आणि इथे काम नाही, धंदा नाही, तरी हा गाढव चारला उठतो."

येइमीने त्या कागदी पिशवीतून एक पाव काढला. तो थंड झाला होता. अर्धा तिने एलादिओला दिला. मग सोकोरो बाईंकडे बघून विचारलं, "उद्या कोर्टात मी अट घालू शकते का?"

"कसली?"

"यांनी जाताना दार आपटायचं. आणि सांगून जायचं."

बाई म्हणाल्या, "त्याला कोर्ट कशाला? इथेच विचार."

एलादिओ नुसती मान डोलवत राहिला. दुसऱ्या दिवशी कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली, तेही इतकं हळू की त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ती मोठ्याने म्हणाली.

ते तिघं गावात आले त्यानंतरच्या पहिल्याच पहाटे सगळी गल्ली दचकून उठली. दार धाडकन आपटलं आणि गल्लीच्या फरशीवर बुटांचा खाडखाड आवाज घुमला. आम्ही दगडावर बसून बूट घालत होतो.

"एलादिओ, शुद्धीवर आहेस का?" मी म्हणालो. "माझा नातू रडतोय बघ!"

"रडू दे," तो म्हणाला. "माझी आता निर्धास्त झोपली असेल."

मग दगडावर बसून त्याने सगळं सांगितलं. त्या दिवसानंतर गल्लीत कोणी तक्रार केली नाही. कारखान्याच्या दाराशी तो ते बूट काढून गमबूट घालायचा, कारण बर्फावर ते घसरतात आणि आमच्या कामात त्यांचा काडीचा उपयोग नाही. साठवलेल्या मजुरीतून तिकिटं, वकील, भाडं सगळं भागवून जे उरलं होतं, त्यातून त्याने बोगोतातच ते विकत घेतले होते. जाड लाकडी टाचांचे, लोखंडी नाल ठोकलेले बूट.