गंगुबाईचा वळेसर

गंगुबाईचा आंबाडा फुलाशिवाय रत्नागिरीच्या बाजारात कुणी पाहिलेला नव्हता. टोपलीत गजऱ्यासारखे गुंफलेले वळेसर विकायला, आंबाड्यात एक स्वतःचा. सुरंगीचा हंगाम असला तर सुरंगी, ती सरली की मोगरा, मग बकुळ. एखादं गिऱ्हाईक चावटपणे म्हणायचं, "टोपलीतले राहू देत, तो डोक्यातला दे." गंगुबाई हसायची. "ह्यो विकायचा नाय. ह्यो दादूच्या नावाचा."

दादू म्हणजे तिचा नवरा. मालाच्या बोटीवर खलाशी होता. मस्कतच्या वाटेवर बोट वादळात सापडून बुडाली. काही माणसं मिळाली, काही नाही. दादू न मिळालेल्यांतला. बोटीच्या मालकानं "बेपत्ता" एवढंच कळवलं, आणि त्या एका शब्दाच्या आधारानं ही बाई रोज कुंकू लावत राहिली. लोक काय, दुतोंडी! हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नको, याची घरोघर कुजबुज व्हायची आणि शेवटी बोलावणं राहूनच जायचं. तोंडावर मात्र सगळे गोड.

घरी सासू, काशी म्हातारी. तिचे डोळे कधीच गेले होते, पण नाक भारी तिखट. संध्याकाळी गंगुबाई पायरी चढली की म्हातारी आधी हुंगायची.

"आलीस गो? घातलायस ना?"

"घातलाय, आये."

"मग येल तो."

झालं. तेवढ्यावर दोघी भाकरी खाऊन निजायच्या.

चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात आनंदीबाईंच्या नातीचं, मंदाचं, लग्न निघालं. आनंदीबाई म्हणजे बाजारपेठेमागचं मोठं घर, आंब्याचा व्यापार. त्यांचा धाकटा मुलगा आप्पा मुंबईत मास्तर, आणि त्याला इतिहासाचं खूळ. पुतणीचं लग्न पेशवाई थाटातच व्हायचं, म्हणून तो हटून बसला. बँड बंद, सनई-चौघडा सुरू. नवऱ्यामुलाला पगडी. नवरीला मेणा. पेशवाईत बटाटा कुठला, म्हणून पंगतीतली बटाट्याची भाजीसुद्धा रद्द केली, तेव्हा आचारी दोन दिवस रुसून बसला होता! मग फुलांची पाळी आली आणि गंगुबाईला बोलावणं गेलं.

पडवीत तिनं टोपली उतरवली. कुणीतरी कोल्हापुराहून लांब दांड्यांची गुलाबी फुलं मागवली होती, ती आप्पानं हात न लावता परत पाठवली. "मोगरा मुंडावळ्यांना," तो म्हणाला. "बकुळीच्या माळा मेण्याला. बरोबर ना, गंगुबाई?" मग गंगुबाईनं फडक्याखालची सुरंगी काढली. पडवी घमघमली. मंदानं ओंजळ नाकाशी धरली आणि म्हणाली, "काका, वेणीला हीच. दुसरं काही नको मला."

"ठरलं!" आप्पा खुशीत आला. "आणि ही वेणी विकतची नाही हं आणायची. मांडवात सवाशिणीनं पाटावर बसून गुंफायची, आधी तिची ओटी भरायची. गंगुबाई, हा मान तुमचा."

 गंगुबाईची ओटी भरायला इतक्या वर्षांत कोण धजलं होतं? आनंदीबाईंनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि त्या ओटीचा खण काढायला आत गेल्या. आप्पाला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो आपला पानिपतावर गेला होता. किती माणसं गेली, किती परतली नाहीत, असं रंगून सांगत होता.

"आप्पा," गंगुबाईनं मध्येच विचारलं, "जे परत आले नाय, त्यांच्या बायका काय करायच्या हो?"

"वाट बघायच्या. बारा वर्षं. तोवर नवरा जिवंतच धरायचा, कुंकू पुसायचं नाही. बारा झाली की मात्र पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. शास्त्रच होतं तसं." आणि तो लगेच मेण्याच्या माळा किती हात लांब हव्यात ते सांगायला लागला.

गंगुबाई घरी चालत आली. वर्षं मोजायची तिनं आजवर मुद्दाम टाळली होती. पण वाटेत तिच्याही नकळत बोटं चालायला लागली. दादू जाण्याआधी दारची सुरंगी त्यानंच चढून काढली होती. त्यानंतर किती बहर आले? बोटं बारावर थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बाराच. म्हातारीला तिनं काहीच सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे शेजारच्या गंगारामनं झाडावर चढून कळ्या काढून दिल्या. गंगुबाईनं आंबाड्यात आपला वळेसर घातला आणि मांडवात गेली. पाट मांडलेला होता, त्यावर ती बसली. नवरी समोर बसली होती. आनंदीबाई स्वतः खण-नारळ घेऊन पुढे आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्या ओटी भरणार होत्या, हे गंगुबाईला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. कुणी काही म्हणणार नव्हतं.

पण समोर मंदा होती, वीस-बावीसची, हळदीनं पिवळी झालेली. हिच्या संसारावर माझी शंका कशाला, असं गंगुबाईच्या मनात आलं, आणि पदर पसरायला उचललेला हात तिनं खाली घेतला.

"नको, बाई," ती उठून म्हणाली. "बारा झाली. मी आता सवाशीण नाय."

सनईवाले वाजवायचे थांबले. आप्पाचा चेहरा उतरला. आपण काय बोलून गेलो, ते त्याला तेव्हा कळलं. "गंगू, अगं..." म्हणत आनंदीबाईंनी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला, कळ्यांची परडी घरच्या सुनेच्या हाती दिली, आंबाड्यातला वळेसर काढून पाटावर ठेवला आणि मांडवाबाहेर पडली.

घरी पायरी चढली तेव्हा अजून ऊन होतं.

"आलीस गो?" म्हातारीनं मान वर केली, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "वास येत नाय. घातला नायस?"

गंगुबाई तिच्याजवळ बसली. तिनं डोकं म्हातारीपुढे वाकवलं. म्हातारीचे हात चाचपडत तिच्या डोक्यावर आले. रिकामा आंबाडा त्यांना लागला. हात तिथंच राहिले.

 मग म्हातारी म्हणाली, "मना आंघोळ घाल गो. पाणी तापवू नको. मेल्याची आंघोळ गार पाण्याची असते."

गंगुबाईनं डोळे पुसले, घागर उचलली आणि ती विहिरीवर गेली.