कृपया हेर आणू नये

हे मी आजपर्यंत कोणाशी बोललेले नाही. बहिणीशी नाही, मुलीशी नाही, आणि ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्याच्याशी तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या घरी जेवायला येणार नाही. आणि वैतागूनच सांगणार आहे, ते आधी सांगून टाकते. वैताग माझाच आहे, माझ्यावरच आहे. पण जन्माची सवय अशी, की तो आधी दुसऱ्यांवर काढायचा — मग वेळ उरला तर स्वतःवर.

तर आधी त्या मालिकेवर काढते.

माझा नवरा श्रीधर विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि त्याने मालिका लिहिली. आता लोक निवृत्त झाल्यावर टेकडी चढतात, भजनं शिकतात, नातवंडांना शाळेतून आणतात. यांनी काय लिहावं? विज्ञानकथा. त्यातही हेरकथा. कर्वेनगरात राहणारा एक साधा कारकून हा खरं तर भविष्यातून आलेला हेर असतो, आणि ते त्याच्या बायकोला माहीत नसतं. मोबाइलवर मालिका दाखवणाऱ्या एका छोट्या कंपनीला ती आवडली, त्यांनी ती केली, आणि नाव ठेवलं श्रीधरने दिलेलंच — ‘परवाचा हेर’. या नावावर तो कोण खूश! मराठीत परवा म्हणजे गेलेलाही आणि येणाराही, म्हणे, हीच तर गंमत आहे. गंमत अशी झाली, की अर्ध्या प्रेक्षकांना तो येणाऱ्या परवाचा वाटला, अर्ध्यांना गेलेल्या परवाचा, आणि पहिला भाग लागल्यापासून ते एकमेकांशी भांडत बसले.

प्रेक्षकांची मतं! मालिकेच्या पानाखाली लोक काय काय लिहायचे, वाचलंत तर हसाल. कोणी विचारलं, यान गच्चीवर उतरलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीने परवानगी दिली कशी? कोणी लिहिलं, रिक्षावाला आपण म्हणू तिथे यायला तयार होतो, इथेच विज्ञानकथा संपून परीकथा सुरू झाली. एका मुलाचं म्हणणं, ‘कन्सेप्ट एक नंबर, पण व्हीएफएक्स लईच गरीब.’ एका गृहस्थांनी फक्त एवढंच — ‘छान आहे. आवाज बंद करून पाहिली.’ सकाळी पोह्यांची ताटली बाजूला सारून श्रीधर हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवायचा. राग नाही, लोभ नाही. “बघ, लोक बघतायत,” म्हणायचा. आणि पोहे गार.

मी चिडले होते. पण कशामुळे? पोह्यांमुळे नाही.

त्या हेराला एक बायको आहे, हे सांगितलं. हेर जग वाचवतो, शत्रूचं यंत्र मोडतो, घामाघूम होऊन घरी येतो, आणि ही बाई दारातच विचारते — “गीझर बंद केला होतास का?” प्रत्येक भागात. आता हे वाक्य कोणाचं आहे? माझं आहे. लग्न झाल्यापासून मी हे विचारत आले आहे, कारण लग्न झाल्यापासून तो गीझर चालू ठेवून बाहेर पडत आला आहे. माझं वाक्य, माझा सूर, कमरेवर हात ठेवायची माझी तऱ्हा सुद्धा. आणि लोकांना आवडलं काय? यान नाही, यंत्र नाही — गीझर! भाजी घेताना खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, ती बायको म्हणजे अगदी तुम्हीच की!” लिफ्टमधल्या मुलांनी मला बघून एकमेकांना कोपर मारलं. आमचा वॉचमनसुद्धा एकदा म्हणाला, “काकू, गीझर बंद ना?” मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शेवटी सोसायटीत माझी ओळख काय, तर गीझर.

मला विचारायचं तरी? एका शब्दाने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? — म्हटलं असतं. म्हणूनच त्याने विचारलं नसणार.

“तू सातव्या भागापर्यंत थांब,” तो म्हणायचा, “सातव्या भागात तिचं खरं काय ते कळतं.” मी थांबले नाही. मी दोनच भाग पाहिले. आजतागायत दोनच पाहिले आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते दोन भाग पाहिलेल्या बाईने केलं.

इथे मधुकर भावोजींना आणावं लागेल. श्रीधरचा शाळेपासूनचा मित्र. शनिवार पेठेत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. निम्म्या पुण्याच्या पत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. श्रीधरने मालिकेचा प्रत्येक भाग लिहिला की तो आधी त्या दुकानात जाऊन भावोजींना वाचून दाखवायचा. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढे. भावोजी ऱ्हस्व-दीर्घावर अडायचे, कोट्या करायचे, ‘हा तुझा हेर इतका का बोलतो रे’ म्हणायचे, पण शेवटपर्यंत ऐकायचे. खरं तर आधी श्रीधर मलाच वाचून दाखवणार होता. मला भाजी निवडायची होती.

वॉचमन ते बोलला त्या दुपारची गोष्ट. टीपॉयवर चुलत पुतण्याच्या लग्नाची पत्रिका पडली होती, भावोजींच्याच दुकानातली. खाली ती नेहमीची ओळ — कृपया आहेर आणू नये. तिच्याकडे बघता बघता मला हसू आलं. शिक्षिका आहे हो मी, शब्दातलं एक अक्षर काढलं की काय उरतं हे मला न शोधता दिसतं. फोन हातात होता. ‘एक प्रेक्षक’ असं नाव घेतलं आणि मालिकेच्या पानावर चार शब्द लिहिले.

कृपया हेर आणू नये.

झालं. हे मीच लिहिलं. श्रीधरच्या मालिकेवर, श्रीधर शेजारच्या खोलीत पेपर वाचत असताना. ‘घरातच हेर निघाला’ वगैरे वाक्य इथे सुचतंय, पण चमकदार वाक्यांनी माझं पुरेसं भलं केलेलं आहे. ते राहू द्या.

मला वाटलं, शंभर मतांत एक मत, वाहून जाईल. वाहून गेलं, पण गावभर. दोन दिवसांत ते चार शब्द नाशिकच्या मावसबहिणीने मलाच पाठवले, खाली हसून लोळणारी तोंडं. कोणी ते पत्रिकेच्या चौकटीत बसवले, वर गणपती घातला. ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ती ओळ पाठ झाली. मालिका काय होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही, ओळ विचारा. दुसरं पर्व करायचं बोलणं चालू होतं, ते थांबलं. माझ्या ओळीमुळे का? कोण जाणे. कंपनीने कारण दिलं नाही, आणि मी ते मनावर घेतलं नाही — तेव्हा.

श्रीधरने ती ओळ मला वाचून दाखवली. नेहमीसारखीच, पोह्यांच्या वेळी. मग म्हणाला, “चांगलं जमलंय. मराठी येणारा माणूस आहे.” आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या मराठीला त्याने दिलेली पहिली दाद ती. तिथेच सांगायला हवं होतं. हसण्यावारी गेलं असतं. गेलं असतं ना? मी म्हटलं, “पोहे खा.”

मग तो विचार करू लागला. मराठी येणारा, कोट्या करणारा, आणि रोज ‘आहेर आणू नये’ छापणारा — असा माणूस पुण्यात दुसरा कुठला? एकच होता. शनिवारातल्या लोकांनीही तोच काढला होता. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “काय मधुकरराव, हेर आणू नये म्हणे!” आणि भावोजी — काय सांगू या माणसाला! — भावोजी नुसते गालात हसायचे आणि पत्रिकांचे गठ्ठे सरळ करायचे. हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. कोटी इतकी चपखल झाली होती, की ती आपली नाही हे म्हणवेना त्यांना. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस असा अडकेल? लोक चोरीचा आळ झटकतात. आमच्याकडे चांगल्या कोटीचा आळ कोणी झटकत नाही.

एका रविवारी सकाळी ते घरी आले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते तेव्हाच श्रीधरने विचारलं, “मधू, ते तू लिहिलंस?”

भावोजींना वाटलं, चेष्टा. “एवढं चांगलं मराठी हल्ली दुसरं लिहितंय कोण?” ते म्हणाले. तोंडभर हसून म्हणाले.

श्रीधरने मान हलवली. “बरं. चहा घेऊन जा,” एवढंच म्हणाला. चहा घे नाही — चहा घेऊन जा. भावोजींचं हसू हळूहळू उतरलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रे माझ्या हातात होता, तोंड मोकळं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय विचारलं माहितेय? “साखर बरोबर आहे ना?”

ते गेले. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, आमच्यात तसं होत नाही. श्रीधर शनिवार पेठेत जायचा बंद झाला, एवढंच. आणि लिहायचाही. दुसरं पर्व गेलं म्हणून त्याने लिहिणं सोडलं, असं सगळ्यांना वाटतं. मी घरात असते, मला ठाऊक आहे. त्यानंतरही तो लिहायला बसला होता. चार पानं लिहायचा, उठायचा, चप्पल घालायचा — आणि दारातून परत यायचा. वाचून दाखवायला माणूस नव्हता. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तेव्हा माझी भाजी निवडून झालेली होती. तरी “मला वाच” म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

पुढे भावोजींनी दुकान बंद केलं आणि बिबवेवाडीला मुलाकडे राहायला गेले. तिथून एकदा माझ्या फोनवर त्यांचा फोन आला. आवाज थकलेला.

“वहिनी, ते मी लिहिलेलं नाही हो. तेव्हा जरा मिरवलो, ती चूक झाली. पण लिहिलं नाही. श्रीधर माझा फोन उचलत नाही. तुम्ही सांगाल का? तुमच्यावर त्याचा विश्वास बसेल.”

“सांगते,” मी म्हटलं.

आतून श्रीधरने विचारलं, कोणाचा फोन. बँकेचा, म्हटलं. कार्ड घ्या म्हणतायत.

सांगायचं काय होतं? भावोजींनी नाही लिहिलं. मग कोणी? पुढचा प्रश्न तोच आला असता, आणि त्याच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही, असं मी स्वतःला म्हणत राहिले. बँकेचं मात्र सहज बोलता आलं होतं. आज नको, उद्या. उद्या त्याचं ब्लडप्रेशर. परवा पाहुणे. आठवडे गेले. इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. इथपर्यंतच म्हणता येईल.

कारण मग भावोजींचा मेसेज आला. ‘सांगितलंत का?’ दुपारची वेळ होती, श्रीधर समोर खुर्चीत डुलक्या घेत होता. मी त्याच्याकडे बघत उत्तर लिहिलं. ‘सांगितलं, भावोजी. पण तो ऐकत नाही.’

मग हात जोडल्याचं चित्र आलं, आणि खाली, ‘त्रास दिला तुम्हाला, वहिनी.’

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.