पांढरी सवत

धसईच्या बाजारात कुजबुज होती, की महिपत वायरमन रोज दिवेलागणीला ताराबाईकडे बल्ब बदलायला जातो, आणि तिचा बल्ब तर कधी जातच नाही. भाजीच्या पाट्या मांडता मांडता बायका हे एकमेकींच्या कानात सांगत, आणि महिपतची बायको हौसा जवळ आली, की झटकन वांग्यांच्या भावावर येत. हौसाला वांगी नकोशी झाली ती तेव्हापासून.

हे दोन हजार पाच सालच्या आसपासचं. मुरबाडच्या एका संस्थेने महिपतला गावात वीज वाचवणारे पांढरे सीएफएल बल्ब खपवायचं काम दिलं होतं. चालू पिवळा बल्ब द्यायचा, थोडे पैसे भरायचे, पांढरा न्यायचा. जुना पुन्हा होल्डरात जाऊ नये म्हणून महिपत तो देवळासमोर सगळ्यांदेखत फोडायचा. पण खोक्यावरची इंग्रजी अक्षरं जुळवून कुणीतरी त्या पांढऱ्या बल्बाचं नाव पाडलं, 'सीफेल'.

"नावातच फेल, तो पास व्हायचा कसा?" असं खुद्द हौसाच म्हणाली आणि देऊळभर हशा पिकला.

नमुन्याचा एक बल्ब फुकट मिळाला होता. महिपतने तो घरी आणला नाही. वाडीच्या टोकाला ताराबाईच्या पडवीत लावला. ताराबाईचा नवरा राघो वाशिंदच्या कारखान्यात, घरी येणार कधीमधी. झालं! ज्या बल्बला हौसा हसली, तोच आता तिला सवतीसारखा दिसू लागला. संध्याकाळी व्होल्टेज उतरून साऱ्या वाडीचे बल्ब तांबडे पडायचे, आतली तार दिसावी इतके. आणि टोकाला ताराबाईचं घर दुधाने धुतल्यासारखं. त्या उजेडात बसलेला आपला नवरा हौसाला आपल्या दारातून लख्ख दिसायचा. घरच्या उजेडात तो एवढा कधी दिसला नव्हता.

"काय बघता वो तिथं बसून?"

"बल्ब."

"बल्बाला लुगडं नेसवलंय काय?"

महिपत हसला. हसला म्हणून जास्तच झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या पडवीतला शंभरचा बल्ब उतरवला. दिवस थंडीचे, कोंबडी मुंगसाने नेलेली, आणि पोरकी पिल्लं टोपलीत घालून हौसाने त्याच बल्बाखाली ठेवलेली.

"हा नको देऊ," महिपत म्हणाला. "चुलीकडचा दे."

"म्हंजे तिला पडवीत, न मला चुलीपाशी?"

महिपतने तो बल्ब देवळासमोर नेऊन फोडला आणि पडवीत पांढरा लावून दिला.

संध्याकाळी हौसाची पडवी झगमगली. ताराबाईला दिसावं म्हणून ती मुद्दाम दारात उभी राहिली. तोच मागे पिल्लं चिवचिवायला लागली, एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. तिने पांढऱ्या बल्बाला हात लावला. जेमतेम कोमट! चुलीकडचा पंचवीसचा लावून पाहिला. त्या व्होल्टेजला तो नुसता काजवा. शंभरचा बल्ब जवळपास एकाच घरी उरला होता. नमुना फुकटचा, म्हणून ताराबाईचा जुना कुणी फोडला नव्हता.

हौसाने टोपली काखेत मारली आणि दात-ओठ खात निघाली. ताराबाईच्या ओटीवर महिपत होताच.

"ये गो हौसे," ताराबाई म्हणाली. "नवरा न्यायला आलीस?"

"नवरा ऱ्हाऊ दे, तारावैनी. जुना बल्ब दे."

ताराबाई डोळ्यांना पदर लावून हसली. आतून बल्ब आणून तिने टोपलीत ठेवला. "घे. न ह्याला पन ने. रोज येतो, वर बघतो, 'टिकला' म्हनतो न जातो. मेला चा पन घेत नाय!"

हौसा नवऱ्याकडे वळली. "मंग हिच्याच घरी का लावलात?"

ताराबाईचं घर विजेच्या लाइनीच्या शेवटाला होतं आणि गावात सगळ्यात कमी व्होल्टेज तिथे यायचं. तिथे हा बल्ब टिकतो का, एवढंच पाहायला महिपत रोज जायचा.