धडधडीची गोळी

औषध शिरेतून आत गेलं, पण पार्वतीकाकूंचं तोंड काही थांबेना. काकू हट्टा गावच्या. हळद वाळवताना पाय घसरून मनगट मोडलेलं, आणि आता आमच्या हिंगोलीच्या ऑपरेशन टेबलावर आडव्या. मी भूलतज्ज्ञ, इथं मला सगळे 'भूलवाल्या बाई' म्हणतात. एवढ्या डोसवर भलेभले घोरायला लागतात. काकू सुनेचं गाऱ्हाणं न अडखळता सांगत होत्या.

"अजून द्या की थोडं," हाडांचे डॉक्टर वैतागून म्हणाले.

"थांबा सर! काकू, झोपेची गोळी घेता का हो?"

"न्हाई बाई. सकाळीच सांगितलं न, कायचीच गोळी न्हाई."

"अन् जीव घाबरा झाला की?"

"तव्हा धडधडीची घेते की. ती कुठं झोपंची हाय? आधी अर्धीनं भागायचं. आता रोज तीन खाऊन बी डोळा लागंना."

मी जागच्या जागी उडालेच. पुस्तकात वाचलेला टॉलरन्स, म्हणजे औषध अंगवळणी पडून लागू न होणं, माझ्याशी गप्पा मारत होता!

सोपं करून सांगते. मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. काकूंची धडधडीची गोळी म्हणजे घबराटीवरची गोळी, ती तो ब्रेक आणखी जोरात लावते. पण रोजच कुणी ब्रेक दाबून धरला, तर मेंदूही हुशार. तो ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. मग तीच गोळी पुरत नाही. माझं औषधही त्याच ब्रेकवर चालणारं, म्हणून काकू जाग्या. डोस वाढवत गेले असते तर झोपेआधी श्वासच मंदावला असता. मी सरळ खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात सुन्न केला. काकूंचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत मोडलेल्या हाडावर प्लेट बसली.

बाहेर त्यांचा मुलगा गजानन उभा होता. त्याला सगळं सांगितलं, तसा तो भडकला.

"आजपासून एकबी न्हाई! समदी पाकिटं फेकून देतो."

"खबरदार!" मी ओरडलेच. "ब्रेक सैल झालाय, त्यात गोळी एकदम काढली तर आईला झटके येतील. जिवावर बेतेल."

"मंग काय, खाऊच द्यायच्या?"

"आज तीनच द्यायच्या. मग मनाच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी. घाई केलीस तर गाठ माझ्याशी आहे."

गजाननने ऐकलं. वॉर्डात झटका आला नाही. काही महिन्यांनी काकू एक्स-रेला आल्या, तेव्हा रोजच्या तिनांवरून पाव गोळीवर आल्या होत्या. मला आनंदानं मिठीच मारावीशी वाटली.

"बाई," काकू हसल्या, "तुमच्या भुलीनं काय झोप आली न्हाई. पर आता आपली आपण यायली."

तेव्हापासून मी ऑपरेशनआधी झोपेची, धडधडीची, टेन्शनची, गरगरीची अशी सगळी नावं घेऊन विचारते. पेशंट कंटाळतात. कंटाळू देत.