हुकुमदार

लढाई संपली आणि भाटघरच्या धरणावर पहारा देणारी पलटण निघून गेली. टेकडीवर तिचे सिमेंटचे बंकर तेवढे उरले, छप्पर खचलेले, शेळ्यांच्या लेंड्यांनी भरलेले. कॉलेजच्या सुट्टीत मी एकटाच ते बघायला गेलो. वाकून आत शिरलो, बंदुकीच्या फटीला डोळा लावला, तर खालच्या वाटेनं आमच्याकडं रोज ताक घालणारी धनगराची म्हातारी येत होती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे! पहाऱ्यावरचे शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला ओरडायचे तसा मी ओरडलो, "हुकुमदार!"

वाटलं होतं, ती शिव्या घालील आणि मग दोघंही हसू. पण ती जागीच थबकली. डोक्यावरचं मडकं खाली ठेवून तिनं वरचं फडकं सोडलं आणि हात जोडून उभी राहिली. बाहेर यायचा मला धीरच झाला नाही. आतूनच घोगऱ्या आवाजात म्हणालो, "जाव!"

दुसऱ्या दिवशी ताक घालताना ती आईला सांगत होती, "पलटण परत आलीया, बाई. पर ह्यो शिपाई लई भला. ताक न पिताच सोडलं मला."

आईनं त्यातलंच ताक पेल्यात ओतून माझ्यापुढं केलं. मी ते मुकाट प्यालो.